उपासाची सवय

कडूबा गुरुजींच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती. हे तरी जगावं म्हणून आईनं या पोराचं नाव कडूबा ठेवलं. पोर जगलं, शिकलं, मास्तर झालं, आणि नावात होता तेवढा कडूपणा सोडला तर बाकी माणूस साखरेचा निघाला. मूळ गाव देवगाव रंगारी. नोकरीमुळं त्यांनी शहरात, गुलमंडीच्या मागच्या बोळात एक खोली घेतली होती. तिथून रोज सकाळी सायकल हाणत ते पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्यालगतच्या वस्तीवर यायचे. तिथल्या शाळेत चौथीचा वर्ग त्यांच्याकडं होता.

मास्तरकीचं शिक्षण घेताना त्यांना एक म्हातारे शिक्षक भेटले होते. ते म्हणायचे, "ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, त्याला प्रश्न म्हणू नये, ती उलटतपासणी. पोरांना कधीतरी असंही विचारा, ज्याचं उत्तर तुमच्याकडंही नाही." बरोबरच्या सगळ्यांनी हे वाक्य परीक्षेत लिहिलं आणि निकाल लागल्यावर विसरून गेले. कडूबांनी ते मनावर घेतलं. काही वाक्यं परीक्षेपुरतीच ठेवलेली बरी असतात, पण हे त्यांना सांगणारं कोणी नव्हतं.

तर चौथीच्या वर्गात दर शनिवारी विचाराचा तास व्हायचा. गुरुजी एक प्रश्न टाकायचे आणि स्वतः खिडकीत जाऊन बसायचे. मित्रानं चोरी केली तर सांगावं का? झाड कोणाचं, लावणाऱ्याचं की पाणी घालणाऱ्याचं? या तासाला कोणाचंही उत्तर चुकत नसे. फक्त कारण द्यावं लागे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वर्गानं जे ठरवलं ते पाळायचं, गुरुजींनीसुद्धा. उशिरा येणाऱ्यानं काय करावं, असा प्रश्न एकदा निघाला. वर्गानं ठरवलं, दारात उभं राहावं. दुसऱ्याच आठवड्यात गुरुजींची सायकल पंक्चर झाली, आणि ते पहिला पूर्ण तास दारात उभे राहिले. पोरांचा आनंद गगनात मावेना. वस्तीवरची माणसं थट्टा करायची, "काय मास्तर, पोरं वकील करायलात का?" गुरुजी हसायचे. त्यांना त्याचा अभिमान होता, आणि तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचा.

या वर्गात सगळ्यात पुढं बोलायची ती रईसा, नूरमोहम्मद पिंजाऱ्याची मुलगी. उत्तर द्यायच्या आधी ती डोळे मिटायची, ओठ हलवून बघायची आणि मग हात वर करायची. तिचं ऐकताना गुरुजींना वाटायचं, आपण इतकी वर्षं शिकलो ते हिच्यासमोर खिडकीत बसण्यासाठीच.

ते साल त्र्याहत्तरचं. पाऊस सलग दगा देत आला होता. विहिरींचे तळ उघडे पडले होते, माणसं खडी फोडायला आणि शेतांना बांध घालायच्या सरकारी बंडिंगच्या कामाला जात होती, आणि घरोघरी परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी भाजल्या जात होत्या. त्याही सगळ्यांकडं रोज नसत. दुष्काळात गादी कोण भरून घेतो? नूरमोहम्मदची कापूस पिंजायची धनुकली भिंतीला टांगली होती ती टांगलीच. त्याची बायको खडीवर जायची. तो स्वतः दम्याचा, त्याला कामावर घेत नसत. रईसाच्या पोटात दिवसभरात भरवशाचं जे काही जायचं ते शाळेतलं, म्हणजे सुकडी. सरकारकडून पोत्यांनी यायची. गोडसर, भाजलेल्या पिठासारखी. मधल्या सुट्टीत पोरं ताटल्या घेऊन ओळीनं बसायची आणि शाळा झाडणारी सरूबाई वाटीनं मापून वाढायची.

होळीनंतर पोती कमी येऊ लागली आणि पोरं वाढू लागली. ज्यांनी वर्षभर शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं तीही ताटली घेऊन हजर. आधी भरलेल्या वाटीची अर्धी वाटी झाली, मग पाव. सरूबाई म्हणाली, "आता ह्याच्या खाली गेलं तर दातातच बसंल. पोटात काय जाईल?" मग पाळी लावून पाहिली, निम्म्या पोरांनी आज खायचं, निम्म्यांनी उद्या. ज्यांची पाळी नसे ती शाळेतच येईनात, आईबरोबर खडीवर जाऊ लागली. हजेरी पडली, आणि हजेरी पाहून वरून पोतं आणखी हलकं आलं. कुठंही हात घाला, काटाच.

हेडमास्तर तात्यासाहेब निवृत्तीला आलेले. त्यांना कोणाचाच शाप नको होता. त्यांनी प्रत्येक वर्गाचा वेगळा डबा केला आणि मास्तरांच्या हवाली केला. "निम्म्या वर्गाला पुरंल एवढं हाय. कोणाला द्यायचं, कोणाला नाय, ते तुमचं तुम्ही बघा."

"असं कसं बघू, तात्यासाहेब?"

"तुम्ही तर विचाराचा तास घेता, कडूबा. करा विचार."

टोमणा होता, पण गुरुजींना तो उपाय वाटला. दोन रात्री त्यांनी तळमळत काढल्या होत्या. कोणत्या पोराला म्हणायचं, तू नको खाऊ? ते त्यांच्यानं होणं शक्य नव्हतं. जे आपल्यानं होत नाही ते मोठ्या माणसानं लहानांवर टाकू नये, एवढं साधं शहाणपण त्यांनाही असायला हवं होतं. पण अडला हरी, म्हणतात ना.

शनिवारी त्यांनी फळ्यावर प्रश्न लिहिला. घरात भाकरी कमी आहे आणि माणसं जास्त आहेत. कोणी सोडावी?

पोरांनी लगेच ओळखलं की प्रश्न कोणत्या घराचा आहे. डबा तर टेबलावरच होता. तरी खेळ खेळासारखा सुरू झाला. कोणी म्हणालं, मोठ्यांनी सोडावी. त्यावर दुसरं म्हणालं, मोठ्यांनी सोडली तर खडी कोण फोडील? द्वारका म्हणाली, "बायांनी. आमची माय शेवटीच खाती, न्हाय उरलं तर पाणी पिती." द्वारका सगळ्यात शांत पोरगी. तिनं हे असं सांगितलं की जणू पाढा म्हटला, आणि खाली बसली.

मग बन्सी उठला. बन्सी आप्पासाहेबांचा. वस्तीवरच्या साऱ्या विहिरी आटल्या तरी एका आप्पासाहेबांच्या विहिरीला तेवढं पाणी होतं, आणि शाळेचा माठ त्याच विहिरीवर भरायचा. पोरगा गुबगुबीत, मनानं मात्र निर्मळ. तो म्हणाला, "गुरुजी, ज्याला रोज पोटभर खायची सवय हाय त्यानं सोडू नये."

वर्ग फिदीफिदी हसला.

"हसू नका! कारण देऊ द्या त्याला," गुरुजी खिडकीतून म्हणाले.

"कारण मला एक दिवस नाय भेटलं तर चक्कर येती. संकष्टीला आईनं उपास धरायला लावला तर मी देवापुढंच पडलो."

पुन्हा हशा. पण रईसानं डोळे मिटले होते. तिचे ओठ हलले आणि हात वर गेला.

"बन्सीचं खरंय, गुरुजी. ज्याला सवय नाय त्याला चक्कर येती. ते काय खोटं सांगत नाय. मंग ज्याला सवय हाय त्यानं सोडायचं. मी मागच्या रमजानला सगळे रोजे ठेवले. लहान मुलांवर नसतात, तरी ठेवले. मला काय चक्कर आली नाय. ज्याला जमतं त्यानं करावं. जड पाटी ज्याला उचलती त्यानंच उचलायची असती ना?"

गुरुजींनी मनातल्या मनात ते वाक्य उलटंसुलटं करून पाहिलं. कुठं भेग सापडेना. वर्षभरात वर्गात इतकं नेटकं उत्तर कोणी दिलं नव्हतं, आणि मास्तरच्या जिभेला जी खोड असते तिनं घात केला.

"शाबास!" ते म्हणाले.

झालं. त्या एका शब्दानं सगळं ठरून गेलं.

पोरं चढाओढीनं उठली. "गुरुजी, मला बी जमतंय! मी एकादशी करतो!" "एकादशीला तर तू साबुदाणा हाणतो!" "औंदा कुठून आला साबुदाणा? औंदा खरीच एकादशी झाली!" "मी दोन दिवस राहिलो होतो, पाण्यावर!" कोण किती उपाशी राहू शकतं याची बढाई सुरू झाली. इतर वेळी पोरं कोण किती लांब दगड मारतो यावर जशी भांडतात तशी भांडत होती. रईसानं विचारलं, "कोणाकोणाला जमतं? हात वर करा."

निम्म्या वर्गाचे हात वर गेले.

गुरुजी खिडकीतून उतरले. त्यांनी हात पाहिले. द्वारकाचा हात होता. खडीवर आई असलेल्या एकूण एक पोराचा हात होता. सगळे हात काडीसारखे, आणि सगळे ताठ. ज्यांच्या घरी अजून काहीतरी शिजत होतं ती पोरं प्रामाणिकपणे मान हलवत होती की आपल्याला नाही बुवा जमायचं. बन्सी तर कौतुकानं टाळ्या वाजवत होता. उपासाची सवय कोणाला असते? ज्याला खायला मिळत नाही त्याला. एवढी साधी गोष्ट, पण हात वर गेल्यावर दिसली.

"थांबा," गुरुजी म्हणाले, "अजून थोडा विचार करू..."

"ठरलं, गुरुजी!" वर्ग ओरडला. "वर्गानं ठरवलं!"

सोमवारी मधल्या सुट्टीत हात वर केलेली पोरं लिंबाखाली वेगळी बसली. ताटल्या पालथ्या घालून, मांडी घालून, ताठ मानेनं. खाणारी पोरं त्यांच्याकडं आदरानं बघत होती. डबा बरोबर पुरला. तात्यासाहेब ओसरीवरून हे बघून खाली आले आणि त्यांनी कडूबांच्या पाठीवर थाप मारली. "थट्टा करायचो मी तुमची. मानलं! पोरांनीच ठरवलं म्हणल्यावर कोणाच्या बापाची तक्रार नाय. बाकीच्या वर्गांना बी हेच लावू."

"तात्यासाहेब, ज्यांनी सोडलं त्यांच्याच घरी काही नाही हो."

तात्यासाहेबांचा हात पाठीवरच थांबला. वाईट माणूस नव्हता तो. "ठाऊक हाय मला," ते हळूच म्हणाले. "मंग कोणाचं काढू? आप्पासाहेबाच्या पोराचं? उद्या माठ कुठं भरायचा? अन् एका पोराचं काढून काय होतं?" हे म्हणून ते आत निघून गेले.

मंगळवारी गुरुजींनी स्वतःच्या भाकरी फडक्यात बांधून आणल्या आणि लिंबाखाली नेल्या. एकाही पोरानं हात लावला नाही. "आमचा उपास हाय," पुंजाराम नावाचं एक किडकिडीत पोरगं म्हणालं, आणि भाकरीकडं बघत बघत त्यानं आवंढा गिळला. गुरुजींनी दटावून पाहिलं. पोरं रईसाकडं बघू लागली. रईसा म्हणाली, "तुम्हीच दारात उभे राहिले होते ना, गुरुजी?" तिच्या आवाजात कुचकेपणाचा लवलेशही नव्हता. तिला खरोखरच ते आवडलं होतं, आणि ती तसंच वागत होती. आपण इतकं नीट शिकवायला नको होतं, असं कडूबांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

संध्याकाळी ते नूरमोहम्मदच्या घरी गेले. घर म्हणजे एक खोली आणि पुढं पत्रा. नूरमोहम्मदनं त्यांना धनुकलीखालच्या एकुलत्या एका खाटेवर बसवलं, स्वतः खाली बसला आणि बराच वेळ खोकला.

"भाईजान, पोरीला सांगा. तिनं शाळेत खाल्लं पाहिजे. तुम्ही सांगितलं तर ऐकेल."

"क्या बोलूं मास्तर उसको?" तो म्हणाला, आणि मग मराठीवर आला. "ती सांगत आली, अब्बा, माझं उत्तर साऱ्या वर्गानं मानलं, गुरुजी शाबास बोलले. इतकी खुश होती की त्या दिवशी तिला भूक बी लागली नाय. आता मी बोलू, तुझं उत्तर गलत हाय? कायसाठी? दुसरं काय देऊ शकतो मी तिला? घरात तिच्यापाशी तेवढीच एक चीज राहिली."

गुरुजी खाटेवरून उठले. निघताना नूरमोहम्मद दारापर्यंत आला. "चहा राहिला मास्तर," तो म्हणाला. "खाना तो हो गया होगा?"

"झालं. तुमचं?"

"अल्ला का शुकर, हो गया."

चूल थंड होती. ती दोघांनाही दिसत होती. पण असं विचारलं की असंच सांगायचं असतं. कडूबांच्या देवगावातही तेच चालायचं. दारात कोणी आलं आणि घरात दाणा नसला तरी त्यांची आई पदरानं तोंड पुसत बाहेर यायची आणि म्हणायची, आत्ताच जेवणं झाली बघा. भूक झाकता येते, अब्रू गेली की झाकता येत नाही, हे इथं पोर चालायच्या आधी शिकतं.

तो आठवडा वाईट गेला. लिंबाखालची पोरं दुपारी पेंगू लागली. द्वारका एकदा पाढे म्हणता म्हणता भिंतीला टेकली आणि तशीच राहिली. रईसा जागी असायची, पण तिनं हात वर करणं सोडलं. प्रश्न विचारला की ती डोळे मिटायची आणि ते उघडायला तिला वेळ लागायचा. गुरुजींना तिच्याकडं बघवेना. त्यांना स्वतःच्या 'शाबास'ची शिसारी आली होती.

पुढच्या शनिवारी ते उभे राहिले ते ठरवूनच. खिडकीत बसले नाहीत. टेबलाजवळ सुकडीचा डबा होता, दारात सरूबाई वाटी घेऊन थांबली होती, आणि सगळ्या पोरांच्या पुढ्यात ताटल्या होत्या, कारण तास संपला की लगेच वाटप होतं.

"मागच्या शनिवारचं आपलं उत्तर चुकलं," गुरुजी म्हणाले.

वर्गात कुजबूज उठली. "गुरुजी, ह्या तासाला उत्तर चुकत नाय म्हणता ना तुम्ही?"

"म्हणत होतो. पण हे चुकलं. माझी शाबासकीही चुकली."

रईसाचा चेहरा उतरला. एका आठवड्यात तो एवढासा झाला होता, त्यात आता डोळे तेवढे दिसत होते. "मंग बरोबर कोणतं, गुरुजी?"

हा प्रश्न येणार हे त्यांना ठाऊक होतं आणि उत्तर त्यांनी रात्रभर घोकलं होतं. "ज्याच्या घरी खायला आहे त्यानं सोडायचं. ज्याच्या घरी नाही त्यानं शाळेत खायचं. सवयीचा काही संबंध नाही. पटतं का?"

पोरांनी माना हलवल्या. पटण्यासारखंच होतं. बन्सी तर लगेच उभा राहिला. "हे बरोबर हाय, गुरुजी. आमच्या घरी हाय. माझी वाटी घ्या." त्यानं आपली ताटली पुढं सरकवली. गुरुजींना वाटलं, सुटलो. लेकरांवर सोपवलं की लेकरं तारतात. त्या भरात त्यांनी जे करायला नको होतं तेच केलं.

"शाब..." ते म्हणता म्हणता थांबले. "बरं. आता सांगा. आणखी कोणाकोणाच्या घरी खायला आहे? हात वर करा."

पहिला हात रईसाचा गेला.

मग द्वारकाचा. मग पुंजारामचा. मग लिंबाखालचे सगळे, एकापाठोपाठ एक, वाट न बघता, शेजाऱ्याच्या आधी आपला जावा या घाईनं. त्यांच्यामागून बाकीचेही गेले. क्षणभरात सगळ्या वर्गाचे हात वर होते आणि एकही खाली नव्हता. साऱ्या वर्गासमोर, साऱ्या वस्तीच्या पोरांसमोर, आमच्या घरी काही नाही असं म्हणणारं पोर तिथं नव्हतं.

"खरं सांगा," गुरुजी म्हणाले. "यात लाजायचं काही नाही."

हात तसेच राहिले. पुंजाराम दुसऱ्या हातानं कोपर धरून तो वर ठेवत होता.

सरूबाईनं तोवर बन्सीच्या ताटलीत सवयीनं सुकडी वाढली होती. ती ताटली आता वर्गाच्या मधोमध होती. "मास्तर," तिनं विचारलं, "पोरानं सोडली ही. कोणाला देऊ?"

गुरुजींनी वर्गाकडं पाहिलं. कोणाला द्यायची ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. एक नाव घ्यायचं होतं, बस. पण ते नाव घेणं म्हणजे चाळीस पोरांसमोर सांगणं, की ही खोटं बोलते, हिच्या घरी चूल पेटत नाही, हिचा बाप हिला उपाशी झोपवतो. त्यांची नजर रईसावर थांबली. तिचा हात वरच होता. तिनं त्यांच्याकडं बघून मान हलवली, अगदी थोडीशी, फक्त त्यांना दिसेल एवढी. नको, गुरुजी. माझं नका घेऊ.

"मास्तर?" सरूबाई म्हणाली. "कोणाला देऊ?"

कडूबांनी रईसावरची नजर काढली.

"बन्सी," ते म्हणाले, "तूच खा."

बन्सी घोटाळला. त्यानं गुरुजींकडं पाहिलं, वर्गाकडं पाहिलं. मग त्यानं ताटली जवळ ओढली. एव्हाना त्यालाही भूक लागली होती. सगळे हात खाली येईपर्यंत त्याची सुकडी खाऊन झाली होती.